सात दिवसांचे लोकनृत्य शिबिर : हेतू, आखणी आणि मर्यादा

प्रस्तावना

महाविद्यालयीन जीवनात लोकनृत्याचा प्रवेश बहुधा स्पर्धेच्या दारातून होतो. विद्यापीठांचे युवक महोत्सव आणि २००३ पासून राज्यातील विद्यापीठांसाठी भरणारा 'इंद्रधनुष्य' महोत्सव यांमुळे लोकनृत्याला प्रतिष्ठा लाभली, यात शंका नाही. तथापि स्पर्धेतील सादरीकरण मोजक्या मिनिटांचे असल्याने तयारीचा सारा भर वेग, वेशभूषा आणि रचना यांवर राहतो. हे नृत्य कोणाचे, ते केव्हा व कशासाठी नाचले जाते, हे प्रश्न मागे पडतात. सात दिवसांचे निवासी शिबिर ही उणीव काही अंशी भरून काढू शकते. राष्ट्रीय सेवा योजनेमुळे अशा शिबिराची घडी आपल्या महाविद्यालयांना परिचितही आहे. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांसमवेत एका लोकनृत्य शिबिरात भाग घेतला होता. त्या अनुभवाच्या आधारे शिबिराचा हेतू, आखणी व मर्यादा यांचे विवेचन येथे केले आहे.

शिबिराचा हेतू

शास्त्रीय नृत्य गुरूसमोर बसून, पाठ्यक्रमाने शिकले जाते. लोकनृत्याचे तसे नाही. समूहात वावरताना मूल ते नकळत उचलते. म्हणून शिबिरात लोकनृत्य 'शिकवणे' ही मुळातच एक कृत्रिम योजना आहे, हे आरंभीच मान्य केलेले बरे. सात दिवसांत नर्तक घडत नाही. मात्र पाहण्याची, ऐकण्याची आणि इतरांबरोबर पाऊल जुळवण्याची सवय निश्चित लागू शकते. शिबिराचे मूल्यमापनही याच कसोटीवर व्हावयास हवे.

आखणी

पहिले दोन दिवस लयीसाठी राखले होते. हलगी वाजवण्यापूर्वी ती विस्तवावर शेकावी लागते, तेव्हाच कातडे ताणले जाऊन आवाज खणखणीत येतो. ही शेकणी हाच पहिला पाठ ठरला. हलगीवादनाची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः मातंग समाजाने सांभाळली. ज्यांच्या वाद्यावर गाव नाचला त्यांना गावात कोणते स्थान होते, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी तेथेच विचारला. समाजशास्त्राच्या तासाला जो सहसा विचारला जात नाही, तो विस्तवाभोवती बसून विचारला गेला, हे नोंदवण्याजोगे आहे.

त्यानंतर लेझीम घेतली. लाकडी दांडा, लोखंडी साखळी आणि तीत ओवलेल्या पत्र्याच्या चकत्या एवढेच हे साधन. आखाडे व व्यायामशाळा यांतून ती शाळांच्या मैदानावर रुळली. एकाची लेझीम अर्धी मात्रा जरी मागे पडली तरी ती साऱ्या संघाला ऐकू येते. चूक लपत नाही आणि ती सुधारण्यास प्रशिक्षकाची गरजही उरत नाही, हा तिचा शैक्षणिक गुण होय.

तिसरा व चौथा दिवस तारपा नृत्याचा होता. तारपा हे वाळलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांपासून तयार होणारे वाद्य. आजच्या पालघर जिल्ह्यातील वारली व अन्य आदिवासी समाजांत भात पिकू लागल्यापासून दिवाळीपर्यंत त्याच्या सुरावर नाच रंगतो. वादक सूर बदलतो तसे नाचणाऱ्यांचे पाऊल बदलते. येथे मोजणी नसते, कान हाच मार्गदर्शक असतो. लेझीमच्या आकड्यांना सरावलेले विद्यार्थी आरंभी गोंधळले, पण दुसऱ्या दिवशी मनातल्या मनात मोजणे थांबवताच त्यांची पावले जुळली.

पाचव्या दिवशी गोफ घेतला. वर बांधलेल्या रंगीत दोऱ्या हाती धरून, एकमेकांना ओलांडत नाचायचे व गोफ विणायचा. मग तितक्याच काटेकोरपणे उलट फिरून तो उलगडायचा. एकजण चुकला की सारेच अडकतात. सहकार्याचे मूल्य व्याख्यानातून समजावण्यापेक्षा हा मार्ग अधिक परिणामकारक वाटला.

एक प्रसंग

सहाव्या दिवशी समारोपाच्या कार्यक्रमाची तालीम सुरू झाली. प्रेक्षकांना चेहरे दिसावेत म्हणून तारपा नृत्याचे वर्तुळ मोडून अर्धवर्तुळ करण्याची सूचना आली. प्रस्तुत लेखकालाही ती योग्यच वाटली होती. जव्हार तालुक्यातून आलेला एक विद्यार्थी मात्र जागेवरून हलेना. तो म्हणाला, "सर, आम्ही तारप्याला पाठ दाखवत नाही." पाच दिवस तो मागच्या रांगेत होता. लेझीममध्ये त्याचा हात संथ पडे, म्हणून दोनदा आम्हीच त्याला बाजूला बसवले होते.

या वाक्याने आमची अडचण झाली, आणि आमचे शिक्षणही. अखेर रचना न बदलता जागा बदलली. कार्यक्रम रंगमंचाऐवजी मैदानात झाला. खुर्च्या हलवून प्रेक्षकांना सभोवती बसवले. काही पाहुण्यांना नर्तकांच्या पाठीच दिसल्या व त्यांनी तशी नाराजीही व्यक्त केली. परंतु वर्तुळात कोण, कोणाकडे तोंड करून नाचतो यातच त्या नृत्याचा अर्थ साठवलेला आहे, हे विद्यार्थ्यांना त्या संध्याकाळी समजले.

मर्यादा

याचा अर्थ रंगमंच त्याज्य आहे असा नव्हे. रंगमंचामुळे अनेक कलावंतांना मान व मानधन मिळाले. तथापि रंगमंचासाठी केलेला बदल हा बदल आहे, एवढी जाणीव विद्यार्थ्याला असावी. दुसरी मर्यादा काळाची. श्वास न तोडता तारपा वाजवण्याची विद्या सात दिवसांत येत नाही. शिबिर तिची केवळ ओळख करून देते.

समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर सांस्कृतिक उपक्रमांना श्रेयांक मिळू लागले आहेत. ही संधी आहे, तसाच धोकाही. श्रेयांकासाठी भरवलेले शिबिर हजेरीपटापुरते उरू शकते. ते टाळण्यासाठी काही सूचना कराव्याशा वाटतात. एका आठवड्यात तीनपेक्षा अधिक नृत्यप्रकार घेऊ नयेत. परंपरेतील कलावंतास 'साथीदार' न मानता अध्यापक मानावे आणि अतिथी व्याख्यात्याइतकेच मानधन द्यावे. ध्वनिचित्रमुद्रण त्याच्या संमतीनेच करावे व त्याची प्रत त्यास द्यावी. समारोपाच्या कार्यक्रमाची तालीम एका दिवसापुरती मर्यादित ठेवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जे नृत्य आपण शिकवू पाहतो ते ज्याच्या घरचे आहे असा विद्यार्थी आपल्याच वर्गात मागच्या बाकावर आहे काय, याची चौकशी शिबिराच्या पहिल्याच दिवशी करावी. आम्ही ती सहाव्या दिवशी केली.