'लाइटबिल' : एका शब्दाचा अर्थविस्तार आणि घरातील वीजबचत

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर चिखली-मेहकरकडे काय किंवा घाटाखाली खामगाव-मलकापूरकडे काय, विजेच्या देयकास बोलीत 'लाइटबिल' असेच म्हटले जाते. वीजपुरवठा खंडित झाला की 'लाइट गेली', पूर्ववत झाला की 'लाइट आली'. हा प्रयोग महाराष्ट्रात इतरत्रही रूढ आहे. प्रकाश किंवा दिवा एवढ्या अर्थाने मराठीत आलेला शब्द येथे सगळ्याच विजेचा वाचक झाला. भाग दर्शविणाऱ्या शब्दाने समग्राचा बोध होऊ लागणे हा अर्थविस्ताराचा परिचित प्रकार होय. प्रस्तुत शब्दाच्या बाबतीत मात्र त्याचा संबंध थेट घरखर्चाशी पोचतो.

शब्द रूढ झाला तेव्हा तो वस्तुस्थितीस धरूनच होता. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० साली झाली व पुढील दशकांत खेड्यापाड्यांत वीज पोचली. सामान्य घरात ती प्रथम आली ती दिव्याच्या रूपाने. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. तोपर्यंत घरातील उपकरणेही बदलली होती. शब्द तेवढा जुना राहिला.

हा बदल किती मोठा आहे, हे पाहण्यासाठी दोन संज्ञांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. वॅट हे उपकरण किती वेगाने वीज घेते याचे माप. युनिट हे एकूण किती वीज घेतली याचे माप. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. 'मीटर पळते' या वाक्प्रचारात हाच भेद दडलेला आहे : वॅट म्हणजे पळण्याचा वेग, युनिट म्हणजे कापलेले अंतर. पैसे आकारले जातात ते अंतराचे.

जुने ६० वॅटचे दोन दिवे रोज पाच तास लावल्यास तीस दिवसांत १८ युनिट होत. २०१५ साली केंद्र शासनाची 'उजाला' योजना सुरू झाल्यावर घरोघर पसरलेले ९ वॅटचे दोन एलईडी दिवे तेवढ्याच वेळात तीन युनिटही घेत नाहीत. उलट ७५ वॅटचा एक जुना पंखा रोज बारा तास फिरल्यास २७ युनिट होतात; दोन हजार वॅटचा पाणी तापविण्याचा गिझर रोज अर्धा तास चालल्यास ३०; आणि घाटाखालच्या उन्हाळ्यात २०० वॅटचा कूलर रोज दहा तास चालल्यास ६०. 'लाइटबिला'त लाइटचा वाटा असा सर्वांत लहान झाला आहे.

तरीही काटकसरीची नजर प्रथम दिव्याकडेच वळते, आणि भाषा तिला साथ देते. 'दिवा उगाच जळतो आहे' असे सहज म्हटले जाते. येथे जळणे म्हणजे चालू असणे. 'मोटार जळली' किंवा 'पंखा जळला' म्हटले की उपकरण निकामी झाले असा अर्थ होतो. रिकाम्या खोलीत फिरणाऱ्या पंख्यासाठी तक्रारीचे तितके रुळलेले क्रियापद नाही.

देयकातील शब्दांचेही असेच आहे. 'स्थिर आकार' वापर कमी केल्याने घटत नाही. 'वीज आकार' व 'वहन आकार' युनिटांवर अवलंबून असतात, आणि 'वीज शुल्क' टक्केवारीने लागत असल्याने त्यांच्या पाठोपाठ कमी होते. घरगुती वीज आकाराचे टप्पे १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० व त्यापुढे असे आहेत. शंभरी ओलांडली की सगळ्याच युनिटांना वाढीव दर लागतो, ही समजूत बरोबर नाही. तो फक्त शंभरापुढील युनिटांना लागतो. त्यामुळे वाचलेले युनिट नेहमी सर्वांत महाग टप्प्यातून वजा होते. महिन्यास १३० युनिट वापरणाऱ्या घराने ७५ वॅटचा वरील पंखा काढून ३० वॅटचा बीएलडीसी पंखा बसविला, तर सुमारे १६ युनिट वाचतात व ते सर्व वरच्या दराचे असतात.

यावरून बचतीचा क्रम ठरतो. प्रथम पाणी तापविण्याचा वेळ, मग कूलर, मग पंखे, शेवटी दिवे. कूलर लावताना समोरची खिडकी उघडी हवी. दमट हवेला वाट न मिळाल्यास वीज खर्च होते, पण गारवा येत नाही. पंख्याचा जुना, गरम होणारा खोका-रेग्युलेटर असल्यास वेग कमी करूनही वीज फारशी वाचत नाही, कारण उरलेली वीज त्या खोक्यातच उष्णतेच्या रूपाने जाते.

'लाइटबिल' हा शब्द बदलण्याचे कारण नाही. रूढ शब्द असे बदलतही नाहीत. परंतु बिल वाढले म्हणून ज्या घरात मुलाच्या अभ्यासाचा दिवा लवकर मालवला जातो, तेथे महिनाभरात दीड युनिटही वाचत नाही, हे सांगणे अवश्य आहे.