जाहिरातपट बनविणाऱ्यांनी आधी कागद घ्यावा, मग कॅमेरा

लग्नसमारंभाचे चित्रीकरण करणारे अनेक तरुण आता दुकाने, शाळा, दवाखाने, बांधकाम व्यावसायिक यांचे छोटे जाहिरातपट करू लागले आहेत. कॅमेरा तोच, संकलनाचा संगणक तोच, त्यामुळे धंदाही तोच असेल असे त्यांना वाटते. लग्नात समोर जे घडते ते टिपायचे असते. जाहिरातपटात मात्र ग्राहकाच्या मनातले घडवून दाखवायचे असते, आणि त्याच्या मनात नेमके काय आहे हे पुष्कळदा त्याचे त्यालाही ठाऊक नसते. ते काढून घेण्याला या धंद्यात 'ब्रीफ घेणे' म्हणतात. कर्ज काढून लाख-दीड लाखाचा कॅमेरा घेणारा तरुण ब्रीफ घेण्यावर अर्धा तास घालवीत नाही. नफा बुडतो तो तिथेच, असे आमचे मत आहे.

तालुक्याच्या गावातील एखाद्या कापड दुकानदाराचे उदाहरण घेऊ. तो म्हणतो, "सणाआधी दुकानाची मस्त फिल्म करून द्या." 'मस्त' या शब्दावर दर ठरविता येत नाही. पहिला प्रश्न असा की, ही फिल्म दिसणार कुठे? चित्रपटगृहात व केबलवर चित्र आडवे लागते, मोबाईलवर बहुधा उभे. आडवे चित्रीकरण करून नंतर ते उभे कापले की दोन माणसांपैकी एक चौकटीबाहेर जातो. दुसरा प्रश्न, ती पाहून लोकांनी काय करावे? नवीन शाखेचा पत्ता लक्षात ठेवावा, की लग्नाच्या बस्त्याला यावे? दोन्ही हवे म्हणणाऱ्या ग्राहकाला एक निवडावयास लावणे हे निर्मात्याचेच काम आहे. तिसरा प्रश्न लांबीचा. ग्राहक दोन पाने मजकूर आणतो आणि तो तीस सेकंदांत बसवा म्हणतो. तेवढ्या वेळात साठ-सत्तर शब्दांपलीकडे निवांत बोलणे होत नाही. अशा वेळी वाद न घालता घड्याळ लावून तो मजकूर त्याच्यासमोर मोठ्याने वाचावा. कात्री तो स्वतःच लावतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मंजुरी कोणाची हे विचारून घ्यावे. दुकान तीन भावांचे असते. धाकटा काम देतो, मधल्याला संगीत आवडत नाही आणि थोरले शेवटच्या दिवशी येऊन विचारतात, "गोदाम का नाही दाखविले?" मंजुरी एकाच माणसाची असावी, त्याचे नाव कागदावर असावे, आणि ती तीन टप्प्यांवर घ्यावी: लिहिलेल्या स्क्रिप्टवर, संगीत व निवेदन चढविण्यापूर्वीच्या कच्च्या संकलनावर आणि शेवटच्या प्रतीवर. कागदावरचे वाक्य बदलण्यास काही लागत नाही. तेच वाक्य निवेदन झाल्यावर बदलायचे तर निवेदकाला पुन्हा बोलवावे लागते. समजा काम 40,000 रुपयांना घेतले आणि त्यात चित्रीकरणाच्या एका दिवसाचा खर्च 15,000 धरला. गोदामासाठी आणखी एक दिवस चित्रीकरण करावे लागले की नफा संपला. म्हणून दुरुस्त्या किती वेळा फुकट व त्यानंतर प्रत्येक दुरुस्तीचा दर काय, हे दरपत्रकातच लिहावे. ग्राहक दुरावेल ही भीती आम्हाला खरी वाटत नाही. शिंपीसुद्धा माप घेतल्याशिवाय कापड कापत नाही.

मालकीबाबत तर फारच गैरसमज आढळतो. 'मी चित्रीकरण केले, म्हणून फिल्म माझी' असे बहुतेकांना वाटते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेल्या चित्रपटाचा पहिला हक्कदार, उलट करार नसेल तर, तो सांगणाराच असतो. छायाचित्रांचेही तसेच. तेव्हा ती फिल्म नमुना म्हणून इतर ग्राहकांना दाखवायची असेल तर तशी परवानगी आधीच लिहून घ्यावी. न वापरलेले चित्रीकरण कोणाचे आणि ते किती दिवस जपून ठेवायचे, हेही लिहावे. त्यावरून भांडणे होतात. बाहेरच्या लेखकाकडून स्क्रिप्ट किंवा संगीतकाराकडून धून घेतली असेल, तर हक्कांचे हस्तांतर लेखी व सहीचे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती 5 वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. ग्राहक "अमुक चित्रपटातले गाणे टाका" म्हणेल, त्यावर परवाना कोण काढणार हा प्रश्न लगेच विचारावा. नाहीतर इंटरनेटवर चढविलेली जाहिरात ऐन सणात काढली जाते आणि ग्राहकाचा फोन निर्मात्यालाच येतो.

राहिला पैशाचा प्रश्न. निम्मी रक्कम आगाऊ, काही कच्च्या संकलनाच्या मंजुरीवर आणि उरलेली शेवटची प्रत हाती देण्यापूर्वी, हा क्रम आम्हाला योग्य वाटतो. दर जीएसटी धरून की सोडून, हे स्पष्ट लिहावे. 18 टक्क्यांचा फरक थोडा नव्हे. छोट्या निर्मात्याने उद्यम नोंदणी जरूर करावी. ती विनाशुल्क आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे, लेखी मुदत ठरली नसेल तर काम स्वीकारल्यापासून 15 दिवसांत द्यावे लागतात. मुदत लिहून ठरविली तरी ती 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. तक्रार सुविधा परिषदेकडे करता येते. मात्र तेथेही कामाचा आदेश, बिल आणि काम स्वीकारल्याचा पुरावा मागतात. ग्राहकाने मोबाईलवर पाठविलेला 'फिल्म मिळाली, छान आहे' हा संदेश म्हणूनच पुसून टाकू नये.