सायलेन्सरमधली माती आणि पृथ्वीची भट्टी

मागच्या काही वर्षांत महाराष्ट्र-गुजरातेत एका विचित्र चोरीच्या तक्रारी वाढल्या. घरासमोरची ईको गाडी जागच्या जागी, काचा शाबूत, बॅटरी शाबूत, फक्त खालचा सायलेन्सर गायब. काही चोर तर सायलेन्सरही परत बसवून जात; आतली ‘माती’ तेवढी काढून नेत. भंगाराच्या धंद्यात तिला मातीच म्हणतात, आणि लोखंडाच्या भावाशी तिचा काही संबंध नसतो.

वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव हे रस्त्यांचं गाव. अकोल्याहून वाशिम-हिंगोलीकडे जाणारा महामार्ग आणि मेहकरकडून कारंजा-नागपूरकडे जाणारा रस्ता इथे भेटतात; समृद्धी महामार्गही तालुक्यातून जातो. अशा गावात गॅरेजं, टायरची दुकानं आणि भंगाराची गोदामं ओघानंच येतात. आणि पायाखाली काय, तर मैलोन्‌मैल काळा दगड. ही माती आणि तो दगड यांचं नातं जवळचं आहे.

आधी माती. इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतच्या नळकांड्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो; चोरांना हवी असलेली माती ती याच्याच पोटातली. पत्र्याच्या डब्यात चिनी मातीच्या जातकुळीतलं, कॉर्डिएराइटचं एक पोळं; चौरस इंचात चारशेच्या आसपास आरपार भोकं. त्यांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा पातळ थर आणि त्या थरात डोळ्यांनाच काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचे कण. धूर त्यातून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, अर्धवट जळालेलं इंधन पुरतं जळतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं फुटून साधा नायट्रोजन उरतो. हे शेवटचं काम मुख्यतः ऱ्होडियमचं.

उत्प्रेरक स्वतः खर्च होत नाही, हे शाळेत शिकलेलं इथे पैशात मोजता येतं. कन्व्हर्टर निकामी होतो तो कण तापून एकमेकांना चिकटल्यामुळे किंवा त्यांच्यावर शिसं, फॉस्फरस, गंधक यांचा लेप बसल्यामुळे. धातू बहुतांशी तिथेच असतो. शिशाचं तर त्याच्याशी हाडवैर. म्हणूनच भारतात १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा शिसेविरहित पेट्रोलही सोबतच आणावं लागलं. देशभर ते २००० साली मिळू लागलं. आज भंगारात येणाऱ्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पोटात म्हणूनच ही माती सापडते.

दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्डच्या खाणींत टनभर खनिज फोडावं तेव्हा प्लॅटिनम गटाचे हे धातू निघतात तीन ते सहा ग्रॅम. कन्व्हर्टरच्या टनभर पोळ्यात ते किलो-दोन किलो असू शकतात. भारतात प्लॅटिनमची चालती खाण नाही, जवळपास सगळा माल आयात होतो. त्यामुळे देशातल्या गॅरेजांत पडलेले हे डबे म्हणजे आपल्या हाती असलेली सगळ्यात श्रीमंत खाण आहे, असं मला सरळ म्हणावंसं वाटतं.

पण धातू काढायचा कसा? आपल्याकडच्या सराफकट्ट्यांना याचं एक जुनं उत्तर ठाऊक आहे. झारेकरी सोनारांच्या दुकानातली, गटारातली धूळ गोळा करून धूत आणि उरलेल्या गाळात पारा घोळत. पारा सोन्याचे कण पोटात घेई. मग पारा उडवला की सोनं उरे. विखुरलेला धातू वेचत बसायचं नाही, त्याला ज्याची ओढ आहे असा दुसरा धातू मध्ये घालायचा. भट्टीतली युक्तीही हीच आहे, फक्त पाऱ्याच्या जागी तांबं किंवा लोखंड येतं.

पोळं दळून त्याची पूड करतात. तीत चुना आणि वाळूसारखे पदार्थ अशा बेतानं मिसळतात की सगळं १५०० ते १६५० अंश सेल्सिअसला वितळून पातळ व्हावं. चुना नसेल तर ॲल्युमिना दाद देत नाही. तो एकटा वितळायला दोन हजार अंशांच्या वर जावं लागतं. सोबत तांबं आणि थोडा कोक. आता गंमत अशी की प्लॅटिनमचे कण कितीही जड असले तरी इतके बारीक असतात की त्या दाट रसात ते आपणहून तळाला जायचेच नाहीत. तांब्याचे थेंब मात्र जातात. ते रसातून खाली उतरताना वाटेतले कण सामावून घेतात. तळाशी तांबं, वर काचेसारखी धातुमळी. रस दाट राहिला तर थेंब वरच अडकतात आणि लाखोंचा माल मळीबरोबर जातो, त्यामुळे भट्टीवाल्याचं निम्मं कसब मळी पातळ ठेवण्यात असतं. जपानमध्ये कोसाका इथे ‘रोझ’ नावाच्या पद्धतीत पुढे या तांब्यात ऑक्सिजन सोडतात. तांब्याचं ऑक्साइड वर येतं, ते काढून पुन्हा वापरतात आणि खाली उरलेल्या तांब्यात मौल्यवान धातूंचं प्रमाण वाढत जातं.

काही कारखाने प्लाझ्मा भट्टीत लोखंड वापरतात. लोखंडाला या धातूंची ओढ फार, पण उष्णता आणि कोक जास्त झाला की मळीतलं सिलिकॉनही लोखंडात शिरतं आणि जो मिश्रधातू होतो तो आम्लाला सहजी बधत नाही.

लोखंडाची ही ओढ पृथ्वीनं साडेचार अब्ज वर्षांपूर्वीच वापरली आहे. कोवळी पृथ्वी वितळलेली असताना लोखंड खाली उतरलं आणि गाभा झाला. उतरताना त्यानं प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम, इरिडियम आणि सोनंही ओढून नेलं. वर राहिले ते सिलिकेटचे खडक, म्हणजे एका अर्थानं त्या भट्टीची मळी. तिचाच काही भाग पुन्हा वितळून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरला. मालेगावच्या विहिरी ज्या काळ्या दगडात खणल्या जातात तो हाच. त्याच्या एका टनात हे धातू मिलिग्रॅममध्ये मोजावे लागतात. बुशवेल्डला नशीब आडवं आलं नाही; तिथे जमिनीखाली अडकून सावकाश थंड होणाऱ्या रसात गंधकयुक्त थेंब तयार झाले आणि त्यांनी आपल्या तांब्याचं काम केलं. दख्खनच्या लाव्ह्यात खाणीजोगा असा साठा आजवर सापडलेला नाही.

मेहकरकडे निघालं की लोणार फार दूर नाही. याच काळ्या दगडावर तिथे अशनी आदळला. अशनींमध्ये हे धातू आपल्या खडकांहून कितीतरी जास्त असतात, कारण त्यांच्यातल्या अनेकांच्या वाट्याला गाभ्यात उतरणाऱ्या लोखंडाची ही भट्टी आलीच नाही.

भट्टीनंतरचं काम रसायनांचं, आणि संथ. तांबं विरघळवून काढलं की उरलेला गाळ आम्लराजात किंवा क्लोरीन सोडलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवतात. अमोनियम क्लोराइड घातलं की प्लॅटिनमचा पिवळा क्षार खाली बसतो. पॅलेडियम वेगळ्या वाटेनं निघतो. ऱ्होडियम सगळ्यांत हट्टी आणि बहुधा शेवटी हाती लागणारा. २०२१ च्या मार्चमध्ये तो औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास गेला होता, पुढच्या दोन-अडीच वर्षांत पाच हजारांच्याही खाली आला. असं शुद्धीकरण महाराष्ट्रात होतं. नवी मुंबईच्या पावणे औद्योगिक वसाहतीतली हिंदुस्थान प्लॅटिनम ही कंपनी याच धातूंच्या व्यवसायात आहे.

दहावीच्या पुस्तकातलं आम्लराज वाचून पत्र्याच्या शेडमध्ये हाच उद्योग करू पाहणारेही असतात. त्यातून निघणारे तपकिरी वायू फुप्फुसं जाळतात, प्लॅटिनमच्या क्षारांनी दमा जडतो, आणि उरलेलं आम्ल शेवटी नाल्यात जातं. शिवाय ऱ्होडियम बराचसा मातीतच राहतो. एवढा धोका पत्करून तोच सुटणार असेल तर हा धंदा मूर्खपणाचाही आहे.

नवी अडचण डिझेल गाड्यांची. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांच्या काजळी गाळणीत अनेकदा सिलिकॉन कार्बाइड असतं. ते चुन्यानं पातळ होत नाही, उलट भट्टीत लोखंडाला सिलिकॉन पुरवतं. असा माल वेगळा काढावा लागतो आणि त्याचा भावही वेगळा. १ एप्रिल २०२५ पासून जुन्या वाहनांच्या विल्हेवाटीचे नवे नियम लागू झाले, पण उत्पादकांवरचं बंधन त्यांत मोजलं आहे ते पोलादाच्या वजनात. किलोभर पोळ्यातला ग्रॅम-दोन ग्रॅम धातू त्या हिशेबात येत नाही.

कारखाना पैसे देतो ते नमुना दळून, तपासून, काही आठवड्यांनी. छोटा भंगारवाला तेवढा थांबू शकत नाही. तो डबा हातात घेऊन, गाडीचं मॉडेल बघून नगावर विकतो. मालेगावचा डबा नवी मुंबईपर्यंत जाईतो मधल्या प्रत्येक हाताला आतल्या मातीची थोडी जास्त माहिती असते, आणि नफा त्याच चढत्या क्रमानं वाटला जातो.