खेळाडूंचा बाजार आणि मॅनेजरचा बळी

इंग्लंडमधील फुटबॉलचा मोसम मे महिन्यात आटोपतो आणि ऑगस्टमध्ये नवा सुरू होतो. मधल्या उन्हाळ्यात मैदाने मोकळी असतात, परंतु क्लबांच्या कचेऱ्यांत खेळाडूंच्या देवघेवीला ऊत आलेला असतो. नेमका हाच काळ आपल्या गोमंतकात धो धो पावसाचा. घरात अडकलेला आमचा फुटबॉलवेडा मग कोण कोठे गेला आणि किती कोटींना गेला याचा हिशेब मांडत बसतो. हा हिशेब मनोरंजक खरा. पण त्यात एका माणसाचा विचार सहसा कोणी करीत नाही. हा माणूस म्हणजे मॅनेजर. इंग्लंडात संघाच्या मुख्य प्रशिक्षकास हेच नाव आहे.

चेल्सी क्लबाचे उदाहरण घ्यावे. 2022 च्या मे महिन्यात हा क्लब अमेरिकन धनिक टॉड बोएली व त्यांच्या भागीदारांच्या हाती आला. त्या एका उन्हाळ्यात त्यांनी खेळाडूंवर 25 कोटी पौंडांहून अधिक रक्कम उधळली. मॅनेजर होते टॉमस टुखेल. अवघ्या वर्षापूर्वी त्यांनी याच क्लबास युरोपचे अजिंक्यपद मिळवून दिलेले होते. 1 सप्टेंबर रोजी खरेदीची मुदत संपली. त्याच दिवशी बार्सिलोनाहून पियेर-एमेरिक औबामेयांग आला; डॉर्टमुंड येथे तो टुखेल यांच्याच हाताखाली खेळलेला होता. 6 तारखेस झाग्रेब येथे तो चेल्सीकडून पहिला सामना खेळला. चेल्सी एका गोलाने हरली. 7 तारखेस सकाळी टुखेल यांना नारळ मिळाला!

त्यांच्या जागी ब्रायटनहून ग्रॅहम पॉटर आले, पाच वर्षांच्या करारावर. सात महिनेही पुरे होण्याआधी, 2 एप्रिल 2023 रोजी, तेही गेले. औबामेयांगचे नाव तत्पूर्वीच युरोपीय स्पर्धेच्या यादीतून वगळलेले होते. ज्या मॅनेजरच्या परिचयाचा तो खेळाडू होता तो मॅनेजरच उरला नव्हता, मग त्याची कदर कोणी करावी? मोसमाअखेर चेल्सी बाराव्या स्थानावर होती.

खेळाडूस एका क्लबातून दुसऱ्या क्लबात जाण्याचे स्वातंत्र्य असावे याविषयी आमच्या मनात किंतु नाही. ते स्वातंत्र्य त्याला कोणी आपणहून दिलेले नाही. न्यूकॅसलचा जॉर्ज ईस्टहॅम 1960 साली क्लब सोडू पाहत होता. क्लबाने त्याला अडवून धरले. तो खेळ थांबवून बुचांच्या लाकडाचा विक्रेता झाला, पण वाकला नाही. क्लबाने शेवटी त्याला सोडले, तरी तो न्यायालयात गेलाच आणि कराराची मुदत संपल्यावरही खेळाडूस बांधून ठेवण्याची जुनी पद्धत अन्याय्य असल्याचा निकाल न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी 1963 साली दिला. अशा निर्धारास आम्ही प्रणाम करतो.

प्रश्न निराळाच आहे. आज खेळाडूंची देवघेव वर्षातून दोनच ठरावीक मुदतींत करता येते, एक उन्हाळ्यात आणि एक जानेवारीत. मोसमाच्या मध्यात धनवान क्लबाने दुबळ्याचा संघ पळवू नये, हा त्यामागील हेतू. मग मॅनेजरला मात्र कोणत्याही बुधवारी सकाळी हाकलण्याची मुभा का असावी? नव्या मॅनेजरला दुसऱ्याने निवडलेला संघ मिळतो आणि जानेवारीपर्यंत तो त्यात एकही खेळाडू विकत आणू शकत नाही. उन्हाळ्याची मुदत संपल्यापासून जानेवारीची उघडेपर्यंत मॅनेजरलाही हात लावता येऊ नये, असा नियम व्हावा हे आमचे स्पष्ट मत आहे. संघ बुडू लागला तर काय करावे, असे क्लबांचे मालक विचारतील. प्रीमियर लीगमधून दरसाल तीन संघ खाली जातातच. मॅनेजर बदलल्याने त्यांचे दोन होत नाहीत.

मँचेस्टर युनायटेडची 1989 ची हकीकत या मालकांनी वाचावी. त्या उन्हाळ्यात अॅलेक्स फर्ग्युसन यांनीही पैसा सढळ हाताने खर्चला. गॅरी पॅलिस्टर आणि पॉल इन्स यांना मोठ्या किमतीस आणले. 23 सप्टेंबरला शेजारच्या मँचेस्टर सिटीने त्यांचा 5-1 असा धुव्वा उडविला. त्यांनी जावे, अशी मागणी प्रेक्षकांतून झाली, आणि लीगमध्ये संघ तेरावा आला. तरीही संचालकांनी त्यांना काढले नाही. 1990 च्या मे महिन्यात एफ. ए. चषक आला. 1993 साली, 26 वर्षांच्या खंडानंतर, लीगचे अजिंक्यपद आले. त्या संघात पॅलिस्टर आणि इन्स हे दोघेही होते. फर्ग्युसन 2013 साली निवृत्त झाले तेव्हा अशी 13 अजिंक्यपदे त्यांच्या नावावर जमा होती.