घरी ताप आला तर काय करावे आणि गोळी केव्हा घ्यावी

हिवाळा आला की न्यू जर्सी, न्यूयॉर्ककडच्या आपल्या मंडळींचे मला फोन सुरू होतात, "सिस्टर, अंगात कणकण आहे, टायलेनॉल घेऊ का?" मी नर्सिंगमधून निवृत्त झाले, पण प्रश्न काही निवृत्त होत नाहीत. म्हणून नेहमी सांगते ते इथे लिहून देते.

ताप किती म्हणजे ताप?

साधारणपणे १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस, याला ताप म्हणतात. पण आपल्या वयात अंग मुळातच थोडं थंड असतं. कोणाचं रोजचं ९७ असेल, तर त्याला ९९ सुद्धा पुष्कळ झालं. म्हणून बरे असताना दोन-चार दिवस आपलं टेंपरेचर घेऊन कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्यापेक्षा दोन डिग्री वाढलं, किंवा तोंडातलं १०० च्या वर गेलं, तर तो ताप समजा. चहा प्यायल्यावर अर्धा तास थांबून मगच थर्मामीटर तोंडात धरा. काखेत धरलं तर आकडा साधारण एक डिग्री कमी येतो. कपाळाला हात लावून ताप कळत नाही.

गोळी केव्हा?

ताप हा रोग नव्हे. शरीर जंतूंशी लढतंय याची ती खूण. १०१ आहे, पण पेज खाताय, पाणी पिताय, झोप लागतेय, तर लगेच गोळी हवीच असं नाही. अंग ठणकतंय, थंडी वाजतेय, झोप नाही, तेव्हा घ्या. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तापाने नाडी जोरात चालते, हृदयावर ताण येतो. त्यांनी डॉक्टरांना लवकर फोन करावा. गोळी घेण्याआधी टेंपरेचर आणि वेळ लिहा, नाहीतर खरा ताप झाकला जातो.

कोणती गोळी, किती?

आपल्याकडची क्रोसिन, डोलो आणि इथलं टायलेनॉल हे एकच औषध. तिकडे पॅरासिटॅमॉल म्हणतात, इथे अॅसिटॅमिनोफेन. एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, आणि चोवीस तासांत ३००० च्या वर नको. लिव्हरचा त्रास असेल किंवा रोज पेग घेत असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

खरा धोका इथेच आहे. मुंबईहून आणलेली एक डोलो ६५०, वर दोन एक्स्ट्रा स्ट्रेंग्थ टायलेनॉल, आणि झोपताना सर्दीसाठी नायक्विलच्या दोन कॅप्सूल. नायक्विलमध्येही तेच औषध असतं. बेरीज करा, २३०० मिलिग्रॅम झाले! जास्त डोसने लिव्हर खराब होतं, आणि पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही. चुकून जास्त घेतलं गेलं, तर बरं वाटत असलं तरी पॉयझन कंट्रोलला १-८००-२२२-१२२२ वर लगेच फोन करा. तो फुकट असतो आणि रात्रीही चालतो.

अॅडव्हिल, अलीव्ह, आणि तिकडची काँबिफ्लाम यांपासून जपून. किडनी, ब्लड प्रेशर, हार्ट फेल्युअर किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. नातवंडांना तापात अॅस्पिरिन कधीच देऊ नका. उरलेली अँटिबायोटिकही स्वतःच्या मनाने नको.

घरची काळजी

पेज, मुगाचं पातळ वरण, सूप, लिंबू सरबत थोडं थोडं घ्या. हार्ट किंवा किडनीसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर किती वाढवायचं ते विचारा. कपडे हलके ठेवा. थंडी वाजताना एक चादर पुरे, तीन गोधड्या नकोत. कपाळावर साध्या पाण्याची पट्टी चालेल. बर्फ किंवा अंगाला स्पिरिट, कोलनवॉटर चोळणं नको.

डॉक्टरांना केव्हा?

ताप १०२ च्या वर गेला, दोन दिवसांत उतरला नाही, लघवीला जळजळ आहे किंवा ती फार कमी होतेय, तर फोन करा. फ्लू किंवा कोविडची शंका असेल तर पहिल्याच दिवशी करा. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत आणि कोविडचं पाच दिवसांच्या आत सुरू करावं लागतं. केमो चालू असेल तर १००.४ लाच, रात्र असली तरी.

अलिबाग-मुंबईची फेरी करून आला असाल तर डॉक्टरांना न विसरता सांगा. मलेरिया परतल्यावर कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही निघतो, आणि इथल्या डॉक्टरांच्या तो चटकन ध्यानात येत नाही. डेंग्यूची शंका असेल तर अॅडव्हिल, अॅस्पिरिन नको. रोजची अॅस्पिरिन चालू असेल तर ती डॉक्टरांना विचारून ठरवा.

श्वास लागतोय, छातीत दुखतंय, मान आखडलीय, ओठ निळे पडलेत, माणूस असंबद्ध बोलतोय किंवा उठत नाही, तर सरळ ९११. शब्बाथ असला तरी. जीव वाचवण्यापुढे शब्बाथ थांबतो, हे आपल्या धर्मानेच सांगितलंय. "मुलांना कशाला त्रास" म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.

आणि म्हातारपणी न्यूमोनिया कधीकधी तापाशिवायही येतो. माणूस एकदम गोंधळला, पडला, जेवण सोडलं, तर थर्मामीटर ९८ दाखवत असला तरी डॉक्टरांना कळवा.

आपल्या सगळ्या औषधांची यादी मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. आजच लावा. शालोम.