निर्वासित : शिक्षण आणि रोजगार

* व्याख्या : छळाच्या भीतीने देश सोडलेली, परतू न शकणारी व्यक्ती.
* करार : १९५१चा निर्वासित करार, १९६७चा प्रोटोकॉल. दोन्हींवर भारताची सही नाही.
* रोहिंग्या : मूळ म्यानमारच्या राखाईन प्रांतातले. १९८२च्या कायद्याने बहुतेक जण नागरिकत्वाला मुकले. ऑगस्ट २०१७पासून ७ लाखांहून अधिक जण बांगलादेशात.
* कार्ड : संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित कार्ड ही ओळख, नागरिकत्व नव्हे.
* शाळा : भारताचा २००९चा शिक्षणहक्क कायदा, वय ६ ते १४.
* पदवी : निर्वासित विद्यार्थ्यांसाठीची ‘डाफी’ शिष्यवृत्ती, १९९२पासून.
* फरक : पुण्यात विद्यार्थी व्हिसावर शिकायला आलेला परदेशी तरुण केवळ त्यामुळे निर्वासित ठरत नाही.
* इतिहास : फाळणीनंतर सिंधी कुटुंबे पिंपरीत वसली. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत (१९४३-४८) सुमारे ५,००० पोलिश निर्वासित होते, बहुतांश स्त्रिया व मुले. छावणीत पोलिश शाळाही होत्या.