सेवा करणारी बाईही थकते

मानवतहून आम्ही बोलतोय. आजचा विषय आहे दुसऱ्यांची सेवा करणाऱ्यांचा थकवा. त्यासाठी उदाहरण घेतलंय कॅथलिक फादर आणि सिस्टर यांचं.

सिस्टर म्हणजे इथं दवाखान्यातली नर्स नव्हे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं घेतलेली धर्मभगिनी. आपला परभणी जिल्हा त्यांच्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. तो १९७७ साली स्थापन झाला. शाळा, वसतिगृह, दवाखाना अशी कामं सिस्टर करतात. बहुतेक वेळा राहणं आणि काम एकाच आवारात. बदली कुठं होणार ते वरिष्ठ ठरवणार. अशात "मी थकले" म्हणायची चोरी, कारण लोक म्हणतील, हिची श्रद्धाच कमी पडली.

या थकव्याला बर्नआउट म्हणतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली त्यावर लिहिलं. मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांची अवस्था त्यांनी जवळून पाहिली होती. साधा थकवा रात्रीच्या झोपेनं उतरतो. हा उतरत नाही. माणसं नकोशी होतात आणि आपल्या कामाचा काही उपयोग नाही असं वाटू लागतं.

इंग्लंडमधले संशोधक लेस्ली फ्रान्सिस यांनी चर्चची सेवा करणाऱ्यांसाठी प्रश्नावली तयार केली. तिच्यात ११ वाक्यं थकव्याची आणि ११ समाधानाची. दोन्ही वेगळी का? कारण थकवा आणि समाधान एकाच मनात एकत्र नांदतात. काम आवडतं, म्हणून बाई थकत नाही असं नाही. मात्र समाधान भरपूर असेल, तर थकव्याचा भार पेलता येतो.

यात स्वभावाचाही वाटा आहे. सतत काळजी करणारी, मनाला लावून घेणारी व्यक्ती लवकर थकते. माणसांत रमणाऱ्याला तेच काम हलकं जातं, एकांत आवडणाऱ्याला दिवसभराची वर्दळ जड जाते. यात दोष कुणाचाच नाही. हाताची पाचही बोटं सारखी नसतात.

चर्चच्या १९८३ च्या कायद्यात गावोगावच्या चर्चची जबाबदारी असलेल्या फादरांना वर्षाला एक महिन्यापर्यंत सुट्टी घेता येते. ध्यानसाधनेचे दिवस त्यात धरत नाहीत. म्हणजे देवाच्या कामातही विसावा नियमानं लिहून ठेवलाय.

आता आपल्याकडे बघू. आशाताई, अंगणवाडीताई, गटाची सचिव, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करणारी सून. यांचा विसावा कुठं लिहिलाय? म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीला दोन प्रश्न विचारा. कामात समाधान मिळतं का? आणि थकवा उतरतो का? पहिल्याचं उत्तर "हो" आलं, तरी दुसरा विचाराच. मग एकीचं काम दोघींत वाटा. बोलक्या मैत्रिणीला सोबत द्या, अबोल मैत्रिणीला थोडा निवांतपणा. आणि केलेल्या कामाचं चारचौघींत कौतुक करा, त्यानं समाधान वाढतं.

झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर सरकारच्या टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

थकले म्हणणं म्हणजे सेवा सोडणं नव्हे. हे एकमेकींना सांगत राहू या.